काईच नाई, घरीच रायतो

परवा रक्तदाबाच्या गोळ्या बदलून घ्यायला चंद्रपुरातल्या एका दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टरांच्या आधी टेबलाशी बसलेल्या मुलीने विचारलं, "काका, आठवड्यातून किती दिवस व्यायाम?" मी रुबाबात म्हणालो, "पाच." आणि म्हणता म्हणता कानात शिट्टी वाजली. खरी नव्हे, रामटेके बाईंची. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "दोन लिहा. त्यातला एक पाऊस नसला तर." मुलगी हसली. तिला वाटलं, काका गमतीशीर आहेत. बाईंच्या हाताखाली काम केलेल्या माणसाला व्यायामाबद्दल खोटं बोलणं कसं जड जातं, हे तिला कुठून कळणार!

कुसुम रामटेके बाई माझ्या शिक्षिका नव्हत्या. चंद्रपुरातल्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी आख्खी नोकरी पीटी शिकवली, आणि निवृत्त झाल्यावर पुण्याच्या एका संस्थेच्या सर्वेक्षणात त्या पर्यवेक्षक म्हणून आल्या. चंद्रपूर आणि गडचिरोलीतली माणसं अंगाची किती हालचाल करतात, कुणाच्या हृदयाला धोका आहे, असा तो सर्वे. गावोगाव फिरून प्रश्न विचारणाऱ्या मुली बाईंच्या ताब्यात, आणि त्या मुलींचे टॅब माझ्या ताब्यात. बाईंनी पहिल्याच दिवशी माझं नाव विचारलं आणि ते कधीही वापरलं नाही. मला त्या "संगणक" म्हणत. "ए संगणक, चाल!"

बाई ठेंगण्या, काळ्यासावळ्या, बांध्याने चौकोनी. सुती साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात काळ्या दोरीला शिट्टी. नोकरी संपली तरी शिट्टी गळ्यातून उतरली नव्हती. उभ्या राहिल्या की पाय फाकवून, हात मागे बांधून, 'विश्राम'मध्येच. गाव एखादा मैल राहिलं की त्या जीप थांबवायला लावत आणि उतरून चालू लागत. "जीपमंदून उतरलेल्या माणसाले लोकं खरं सांगत नाई," हे त्यांचं म्हणणं. त्यामुळे मलाही पिशवीभर टॅब घेऊन चालावं लागे, आणि मी मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असे. तोंडाने काही बोलायची माझी टाप नव्हती.

पहिल्या दिवशीचं प्रशिक्षण अजून डोळ्यांसमोर आहे. पुण्याहून आलेले अभिजित सर आमचे प्रकल्प अधिकारी होते. सज्जन माणूस, आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी हलके, मध्यम आणि जोरदार श्रम म्हणजे काय ते समजावलं. मग बाईंनी सांगितलं, आता एकमेकांना विचारून पाहा. माझी पाळी आली. मी म्हणालो, रोज अर्धा तास चालतो.

"कुठून कुठी?" बाईंनी विचारलं.

"घरापासून चौकापर्यंत."

"चौकात काय हाय?"

"पानठेला."

"तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून देते थो?"

"देतो."

"मंग त्या अर्ध्या घंट्यात चालनं किती अन् खर्ऱ्यासाठी उभं रायनं किती?"

आणि शिट्टी. फाऊल! सगळा हॉल खदखदून हसला. मी कानकोंडा झालो. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या मुलींकडे वळल्या. "शाळेत पोरी मले सांगत, बाई, पोट दुखते. मैदानात न यायसाठी पोट दुखे, अन् मधल्या सुट्टीत त्याच पोरी झाडावर चढत. पन एक समजून घ्या. माणूस खोटं नाई बोलत. थो स्वतःले जसा दिसते तसा सांगते. आपल्याले थो जसा हाय तसा पायजे. व्यायामाचं खरं माणूस दोनदाच सांगते, एक दम लागल्यावर अन् दुसरं पडल्यावर."

अभिजित सरांनी हे शेवटचं वाक्य वहीत उतरवून घेतल्याचं मी पाहिलं.

घुग्घुसला आमची पहिली फजिती झाली. कोळशाची धूळ, ट्रकांची रांग, शिफ्ट सुटली की मोटारसायकलींचा लोंढा. तिथे शंकरभाऊ नावाचा खाणीतला डंपरचालक सापडला. पोट शर्टाच्या बटणांवर नाराज होतं, पण माणूस मोकळा. आमच्या मुलीने 'जोरदार श्रम' असं वाचलं. त्याला समजलं नाही. मग तिने सोपं करून विचारलं, "भाऊ, हेवी काम करता का?"

"हेवीच त करतो!" शंकरभाऊ छाती फुगवून म्हणाला. "आठ घंटे हेवी. लायसनच हेवीचं हाय आपलं."

मुलीने मुकाट्याने लिहून घेतलं. माझ्या पडद्यावर संध्याकाळी शंकरभाऊ दोन्ही जिल्ह्यांतला सर्वांत कष्टाळू माणूस म्हणून झळकला. मी बाईंना दाखवलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले. आणि मग एकदम थांबल्या. "हसू नको, संगणक," त्या म्हणाल्या, जणू मीच हसत होतो. "याले खोटा म्हनता येत नाई. त्यानं त खरंच सांगतलं."

बाईंचे स्वतःचे अंदाजही चुकत, आणि चांगले सणसणीत चुकत. मध्यंतरी त्यांनी टाचांचा सिद्धांत काढला होता. तोंड काहीही बोलो, टाच खोटं बोलत नाही. भेगा पडलेली टाच म्हणजे कष्टाचा माणूस. चिमूरकडच्या एका गावात पारावर बसलेल्या एका बाबाच्या टाचा पाहून बाई गहिवरल्या. मुलींना बोलावून म्हणाल्या, "पाहा, याले म्हनतात मेहनत." पाराच्या मागे एक म्हातारी तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "कोन, हा? हा सकाळपासून अनवानी तमाम गाव फिरून खर्रा मांगते बाई. काम त त्याच्या बापानंबी केलं नाई." बाईंनी शिट्टी तोंडात घातली आणि स्वतःच्याच नावाने वाजवली. त्या दिवसापासून टाचांचं नाव निघालं नाही.

चूक कबूल करायला त्यांना वेळ लागत नसे. मात्र खरं वाटलेली गोष्ट त्यांच्या हातून सोडवून घेणं ब्रह्मदेवाच्या बापाला जमलं नसतं.

ते आम्ही वैनगंगेच्या पलीकडे गेलो तेव्हा दिसलं. गडचिरोलीकडचं धानाचं गाव. गावाला लागून जंगल, पुढे बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातखाचरं, आणि रोवण्याचे, लावणीचे दिवस. प्रश्नावलीत एक प्रश्न होता, 'विरंगुळा म्हणून फिरायला जाता का?' पुण्यात तो साधा असेल. आमच्याकडे 'फिरणारी बाई' म्हटलं की अर्थ वेगळा. एका आजीने तर आमच्या मुलीचा हातच धरला. "कोनं सांगतलं तुमाले? आमच्या घरची कोनी फिरत नाई!" बाईंनी मध्ये पडून समजूत काढली, चहा झाला, तेव्हा कुठे हात सुटला.

पुढच्या घरात यमुना होती. तिशीतली असावी. नवरा, सासू, दोन लेकरं, दोन बांध्या. आम्ही पोहोचलो तेव्हा ती बोअरिंगवरून पाणी घेऊन येत होती, एक गुंड, म्हणजे घागर, डोक्यावर आणि एक कमरेवर. गुंड खाली ठेवून तिने पदराने तोंड पुसलं आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"ताई, काम काय करता?" आमच्या मुलीने विचारलं.

"कामाले नाई जात वं मी," यमुना म्हणाली. "काईच नाई, घरीच रायतो."

आमच्याकडे बायकाही 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात, आणि 'कामाले जाणे' म्हणजे दुसऱ्याकडे रोजीने जाणे. आपल्या बांधीत दिवसभर वाकून धान रोवलं तर ते काम नव्हे, ते घरचं. पाणी, सरपण, गोठा, भांडी, मोहफुलं वेचणं, यातलं काहीच काम नव्हे. मुलीने टॅबवर 'काही नाही' दाबलं आणि टॅब उड्या मारत थेट तंबाखूच्या प्रश्नावर गेला.

बाई यमुनेकडे पाहत होत्या. चौकट धरलेल्या तिच्या हाताची बोटं सुटत नव्हती.

"काऊन वं, दम लागून राह्यला?"

"थो त लागतेच. सगळ्याईले लागते."

बाई माझ्याकडे वळल्या. "संगणक, दमाचा प्रश्न कुठी गेला?"

मी सांगितलं, जो माणूस काही श्रम करत नाही म्हणतो, त्याला 'श्रम करताना दम लागतो का' हा प्रश्न टॅब विचारत नाही. वगळतो.

"म्हंजे जी काई नाई म्हनते, तिले दम लागूच शकत नाई?"

"टॅबच्या हिशेबाने नाही."

"अन् चंद्रपूरले हृदयाच्या तपासनीले कोनाले बलावनार?"

"ज्यांना दम लागतो त्यांना."

बाई तडक जीपकडे चालू लागल्या. वैनगंगेच्या पुलावर आल्यावर म्हणाल्या, "थे टॅबचं कुलूप काढ."

"मला अधिकार नाही, बाई."

"कोनाले हाय?"

"पुण्याला."

"मंग पुन्याले फोन लाव."

मी लावला. अभिजित सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. प्रश्नावली प्रमाणित आहे, ते म्हणाले. शब्द बदलले तर दुसऱ्या जिल्ह्यांशी तुलना करता येणार नाही. बाई म्हणाल्या, शब्द नका बदलू, मी आधी दोन गोष्टी बोलून घेतो, मग तुमचा प्रश्न विचारतो. यावर सर म्हणाले, "मग ते उत्तर तुमचं होईल बाई, त्यांचं नाही." आणि इथे खरं सांगायचं तर सरांचं चुकत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मी कानांनी ऐकलं, बाई एका बाईला म्हणत होत्या, "पानी आनतं का नाई? गोठा काढतं का नाई? मंग मेहनत झाली का नाई? बोल, हो म्हन!" ती बिचारी घाबरून हो म्हणाली.

वाद मिटवायला सरांनी पुण्याहून कमरेला बांधायचे पट्टे पाठवले. त्यात हालचाल मोजणारं छोटं यंत्र. "यंत्र कुणाच्याच बाजूचं नसतं," सर म्हणाले. बाई खूश झाल्या. एक पट्टा यमुनेला, एक शंकरभाऊला, बाकीचे आणखी काही जणांना. आठवड्याने पट्टे परत आले. मी ते मशीनला जोडले आणि आकडे पडद्यावर आले. बाई मागे उभ्या होत्या. विश्राममध्ये.

यंत्राच्या मते शंकरभाऊ शिफ्टभर चालत होता. यंत्राच्या मते यमुना सकाळपासून बसून होती.

थोड्या वेळाने कारण ध्यानात आलं. खाणीच्या रस्त्यावर डंपर असा हादरतो की चालकाची कमर क्षणभर स्वस्थ राहत नाही. आणि रोवणाऱ्या बाईची कमर वाकलेली ती वाकलेलीच; राबतात ते हात, आणि पाय चिखलात वीत वीत मागे सरकतात. यंत्र बिचारं कमरेला. त्याला कमरेपुरतं कळणार.

"यंत्रबी हेवी लायसनवालं निघालं!" बाई म्हणाल्या. मला वाटलं आता त्या खचतील. मी तर खचलोच होतो. मी म्हणालो, "जाऊ द्या बाई. आपण काय जगाचा ठेका घेतला आहे?"

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. "थे जगाचं मले नोको सांगू. थे पोरगी चौकट धरून उभी होती. तिचा दम मोजल्याबिगर मी घरी बसनार नाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पट्टा स्वतःच्या कमरेला बांधला आणि जीपमध्ये बसल्या. घुग्घुसच्या रस्त्याने, शोधून शोधून खड्ड्यांतून, त्यांनी मला जीप हाकायला लावली. मध्येच मला म्हणत, "थो सोडला काऊन? मोठा होता थो!" माझी हाडं खिळखिळी झाली. परत येऊन यंत्र पाहिलं तर बाई झक्कपैकी चालून आल्या होत्या. ते आकडे मी पुण्याला पाठवले, आणि खाली बाईंनी सांगितलेलं एकच वाक्य लिहिलं: मी पूर्ण वेळ बसून होते.

चार दिवसांनी सर स्वतः आले. बैठक झाली. बाई खुर्चीवर बसल्या नाहीत. सर म्हणाले, "बाई, मूळ प्रश्न मी बदलू शकत नाही. पण वगळणं बंद करतो. दमाचा प्रश्न प्रत्येकाला विचारायचा, उत्तर काहीही असो. आणि शेवटी तुमचा एक जादा प्रश्न घ्या. त्याची नोंद वेगळी राहील. अट एकच, उत्तर तोंडात घालायचं नाही."

"चालते," बाई म्हणाल्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "अर्धीच मॅच जितलो. पन अर्धी त जितलो."

बाईंचा जादा प्रश्न असा होता: "काल डोळे उघडले तवापासून सांगा. मंदातलं काई सोडू नोका." बस, इतकंच. हा प्रश्न विचारून झाला की बाई शिट्टी दातांत घट्ट धरून बसत. मला आधी वाटलं, सवय. मग कळलं, स्वतःला बोलता येऊ नये म्हणून. समोरची बाई सांगता सांगता सरपण विसरली, की बाईंच्या गालाची शीर उडायची, पण शिट्टी दातांतून निघायची नाही. बायका बोलू लागत. आधी चाचरत, मग भराभर. उठलो, सडा टाकला, चूल पेटवली, पाणी आणलं. सांगता सांगता काही जणी स्वतःच थांबायच्या आणि म्हणायच्या, "अवं माय, येवढं करतो का मी?"

यमुनेला दमाचा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो बाईंनीच. उत्तर टॅबवर गेलं आणि चंद्रपूरच्या तपासणीचं बोलावणं आलं. पण तारीख पडली ऐन रोवण्यात.

"रोवना झाल्यावर जाईन," यमुना म्हणाली.

"तारीख थांबत नाई वं."

"अन् पऱ्हे थांबतेत का? उपटून ठेवले. आज रोवलं नाई त सुकतीन." सासूही म्हणाली, एक माणूस कमी झाला तर बांधी आज होत नाही. तिचंही खरं होतं. वर्षाचा भात त्या पऱ्ह्यांत, त्या रोपांत होता.

बाईंनी एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा बांधीकडे. मग बूट काढून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर ठेवले, साडी वर खोचली आणि यमुनेला म्हणाल्या, "तू जीपमंदी बस. तुह्या जागी मी. तू वापस येतपर्यंत मी इथी जमानत म्हून रायतो."

साठी ओलांडलेली बाई चिखलात उतरलेली पाहून यमुना रडायलाच लागली. सासूने तिला ढकलून जीपमध्ये बसवलं. मी गाडी काढली. मागे वळून पाहिलं तेव्हा बाई मुठीत पऱ्हे धरून शेजारणीकडे पाहत होत्या, कसं खोवायचं ते.

चंद्रपूरला मोठ्या डॉक्टरांनी यमुनेला तपासलं आणि मला आत बोलावलं. हृदयाची एक झडप आकसली होती. आणखी उशीर चालला नसता, असं ते स्वच्छ बोलले. यमुनेने मात्र एवढंच विचारलं, "म्हंजे मी आळशी नाई ना?" गावात तिला बसून दम खाताना पाहून कुणी कुणी म्हणत असणार. मी तिला कँटीनमध्ये पोहे खाऊ घातले.

परतलो तेव्हा दिवस कलला होता. बाई धुऱ्यावर बसल्या होत्या, कमरेपर्यंत चिखल. अशा दमून बसलेल्या बाई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या. त्यांनी रोवलेली ओळ वाकडीतिकडी होती, आणि दोन बायका हसत हसत मागून ती सरळ करत होत्या.

"आखी जिंदगी पोरीईले कमरेत वाका म्हनून ओरडली मी," बाई म्हणाल्या. "वाकनं काय असते थे आज समजलं." मग मी झडपेचं सांगितलं. बाईंनी डोळे मिटले आणि शिट्टी मुठीत धरली. उठताना त्यांना मी आणि सासूने मिळून उठवलं.

नागपूरला यमुनेची शस्त्रक्रिया झाली. ती आज ठणठणीत आहे. नंतर आम्ही गेलो तेव्हा बाईंनी 'काल'चा प्रश्न विचारला आणि तिने सगळं सांगितलं, मधलं काही न सोडता. सर्वे संपला. आमची माणसं पांगली. बाईंचं नाव सरांच्या अहवालात कुठेतरी शेवटी आभारात आलं, त्यांनी ते वाचलंही नसावं.

बाईंचे यजमान ऊर्जानगरच्या वीज केंद्रात होते. उंच, अबोल, पेपरात तोंड खुपसून बसणारे. निवृत्तीनंतर दोघांनी दुर्गापूरच्या बाजूला लहानसं घर बांधलं. सर्वे संपून वर्ष झालं असेल, त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी भेटायला गेलो तेव्हा बाईंनी खाटेच्या दांडीला दोरी बांधून त्यांच्यासाठी तिच्यावर आपली शिट्टी लटकवली होती. हाक मारता येत नाही, तर निदान ही वाजवा. पण ओठ मिटत नव्हते. नुसती हवा जायची, फुस्स. बाई रोज सकाळी त्यांच्याकडून फुंकून घेत. "आधी फुंकर, मंग शब्द," त्या मला म्हणाल्या. "येईन. न येऊन जाते कुठी?" बाईंच्या गळ्यात शिट्टी नाही, हे बघवत नव्हतं मला. पण बाईंचा आवाज तोच, उभं राहणं तेच.

त्यानंतर आणखी एकदाच गेलो. पुढच्या महिन्यात बाईंची मुलगी दोघांना नागपूरला घेऊन जाणार होती, म्हणून. जाताना बटाटा भरलेले, तळलेले आलूपोंगे नेले, कारण बाईंना ते आवडत आणि स्वतः विकत घ्यायला लाज वाटे. बाई यजमानांना खाटेवरून शेजारच्या खुर्चीत घेत होत्या. त्यांच्या काखांत हात घालून, छातीशी धरून, पाय फाकवून. मी मदतीला धावलो तर म्हणाल्या, "सरक. तोल जाईन." एवढ्या उंच माणसाला त्या ठेंगण्या बाईने उचलून बसवलं, मागे उशी लावली, पदराने त्यांचे ओठ पुसले. मग भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात दारात आरोग्य केंद्राची आशाताई आली. हातात मोबाईल, घरोघर चालणाऱ्या तपासणीची माहिती भरत होती. मला हसू आलं. बाईंच्या घरी प्रश्नावली! मी आलूपोंगा खाली ठेवून सरसावून बसलो. म्हटलं, आता मजा येणार.

"काकू, रोजचं मेहनतीचं काम, व्यायाम, काही होते का?" आशाताईने विचारलं.

बाईंनी पदराने कपाळ पुसलं. त्यांना अजून दम लागलेला होता.

"काय व्यायाम बाप्पा," त्या म्हणाल्या. "आता काईच नाई, घरीच रायतो."

मी चमकून वर पाहिलं. बाई थट्टा करत नव्हत्या. त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. आशाताईचं बोट मोबाईलकडे निघालं होतं.

तेवढ्यात शिट्टी वाजली.

फुस्स नव्हे. वाजली. बारीक, कापरी, पण चांगली वाजली. बाईंचे यजमान खुर्चीतून डाव्या हाताने दोरी ओढून, तोंड वाकडं करून, सगळा जीव गोळा करून शिट्टी फुंकत होते. त्यांची नजर बायकोवर होती. त्यांनी श्वास घेतला आणि पुन्हा फुंकली. फाऊल.

बाई पाहतच राहिल्या. त्यांचा हात भिंतीवरून खाली आला. डोळे भरून आले, आणि मग त्या हसू लागल्या; हसता हसता रडत होत्या, रडता रडता हसत होत्या. मी दुसरीकडे पाहू लागलो. मलाही भरून आलं होतं.

मग बाईंनी डोळे पुसले. पाय फाकवले, हात मागे बांधले.

"पोरी, थे पुसून टाक," त्या आशाताईला म्हणाल्या. "मी चुकीचं सांगतलं. बस तिथी. अन् मंदात बोलू नोको. काल सकाळी डोळे उघडले…"